बँडच्या मागचा पडदा



यंदाच्या स्नेहसंमेलनात दहावीच्या मुलांना आपला बँड वाजवायचा आहे आणि रंगमंचावर मागे मोठा एलईडी पडदाही हवा आहे. त्याच्या भाड्याचा आकडा ऐकून विश्वस्त मंडळाने विचारले, "गाणे ऐकायचे आहे की सिनेमा पाहायचा आहे?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच रॉक बँडच्या मागे ही चित्रे आली कुठून आणि ती चालतात कशी, हे येथे थोडक्यात सांगत आहोत.

या कथेची सुरुवात एका शिक्षकापासून होते. १९५२ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील कॉलेजातले कलेचे प्राध्यापक सेमूर लॉक्स यांनी ओव्हरहेड प्रोजेक्टरवर काचेचे पसरट भांडे ठेवून त्यात रंग ढवळून पाहिले. भिंतीवर हलते चित्र उमटले! पुढे १९६६ च्या सुमारास त्याच शहरातील रॉक बँडांच्या कार्यक्रमांत ही युक्ती सर्रास दिसू लागली. न्यूयॉर्कमध्ये १९६८ साली फिलमोर ईस्ट नाट्यगृह सुरू झाले. तेथे जोशुआ व्हाइट यांचा संच पडद्याच्या मागच्या बाजूने अशी चित्रे टाकत असे, आणि जाहिरातीत बँडच्या जोडीने या संचाचेही नाव छापले जाई.

यामागचे विज्ञान आठवीच्या मुलांनाही समजेल. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पाण्यात विरघळणारा रंग पाण्यातच राहतो, तेलात विरघळणारा तेलातच. भिंतीवरच्या घड्याळाच्या फुगीर काचेसारख्या काचेत ही दोन्ही द्रव्ये ओतायची आणि वर दुसरी लहान काच ठेवायची. वरची काच हलकेच दाबली की रंगाचे थेंब पसरतात, सोडली की आकसतात. ड्रमच्या ठेक्यावर दाबत राहिले की पडद्यावरचे चित्रही त्याच ठेक्यावर श्वास घेते. म्हणजे तबलजीप्रमाणे हा माणूसही साथच करत असतो. त्याचे वाद्य मात्र प्रकाशाचे.

ही कल्पना आपल्यालाही अगदी परकी नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या मुलांसह १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' हा खेळ सुरू केला होता. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर हलत आणि सोबत निवेदन व गाणी चालत.

पुढे साधने बदलली. 'पिंक फ्लॉइड' या इंग्लिश बँडने १९७४ पासून रंगमंचामागे मोठा गोल पडदा लावून त्यावर चित्रफिती दाखवल्या. एलईडीचा रंगीत पडदा मात्र बराच उशिरा आला. सर्व रंग मिळवायला लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश लागतात, आणि पुरेसा तेजस्वी निळा एलईडी १९९३ साली बाजारात आला. (त्या शोधाबद्दल तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) १९९७ साली 'यू-टू' या आयरिश बँडने सुमारे ७०० चौरस मीटरचा एलईडी पडदा गावोगावी नेला. हाच बँड १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईत वाजला, तेव्हाही मागे भव्य पडदा होता.

या प्रगतीबरोबर एक गोष्ट उलटी झाली. आज अनेक मोठ्या कार्यक्रमांत चित्रे आधीच तयार असतात. ड्रम वाजवणाऱ्याच्या कानात यंत्राची टिकटिक चालू असते आणि सारा बँड तिच्याबरोबर चालतो, तेव्हाच चित्र आणि सूर जुळतात. पूर्वी चित्र गाण्याच्या मागे जाई. आता बरेचदा गाणेच चित्राच्या मागे जाते. गायकाला एखादी ओळ रंगल्यावर आणखी एकदा घ्यावीशी वाटली, तर चित्र त्याच्यासाठी थांबत नाही.

पालकांना एक सूचना. वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काही व्यक्तींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारा प्रकाश टाळणे हा त्यावरचा सर्वमान्य नियम आहे. कार्यक्रम कोणताही असो, तो नियम आपल्याकडे पाळला जाईल. आपल्या पाल्याला असा त्रास असल्यास वर्गशिक्षकांना आधी जरूर कळवावे.

आता विश्वस्तांच्या प्रश्नाकडे येऊ. आमच्या मते भाड्याचा पडदा नको, पण चित्रे जरूर हवीत. प्रयोगशाळेच्या कपाटात दोन ओव्हरहेड प्रोजेक्टर धूळ खात पडले आहेत. एक पांढरी चादर, थोडे तेल, थोडे रंग आणि बँडच्या प्रत्येक तालमीला हजर राहणारी दोन मुले, एवढ्यावर काम भागेल. द्रव विजेच्या भागांवर सांडू नये म्हणून खाली काठाचे काचेचे तबक ठेवावे आणि शिक्षक जवळ असावेत. ज्यांना वाद्य येत नाही, पण गाणे कान देऊन ऐकता येते, अशा मुलांनाही त्या दिवशी रंगमंचावर काम मिळेल. आम्हाला त्याचे मोल पडद्याच्या भाड्यापेक्षा जास्त वाटते.