शेपूट तुटलं की अर्थ उलटा!

सर्च इंजिनात काही शोधलं की पानांची यादी येते. प्रत्येक पानाच्या नावाखाली दोन-तीन ओळींचा उतारा असतो आणि त्यात आपण शोधलेले शब्द बऱ्याचदा ठळक दिसतात. एवढ्या पानांमधून नेमक्या त्याच ओळी कोण बरं निवडतं? एक प्रोग्रॅम! तो कसा, ते पाहू या.

समजा, जुलै महिना आहे. विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात धो धो पाऊस कोसळतोय. जुलै २०१८ मध्ये तर नालासोपाऱ्याला रूळच पाण्याखाली गेले होते आणि वसई-विरारदरम्यान लोकल बंद पडल्या होत्या! अशा दिवशी तिथली एखादी मुलगी शोधते, ‘मनवेलपाडा शाळा सुट्टी’.

प्रोग्रॅमने आपला गृहपाठ आधीच केलेला असतो. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, तशीच त्याची सूची असते. कोणता शब्द कोणत्या पानावर, कितव्या जागी आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यावरून तो पानं काढतो. मग एकेका पानाचे छोटे छोटे तुकडे पाडतो आणि चक्क मार्क देतो! ज्या तुकड्यात तिन्ही शब्द जवळजवळ आले, त्याचा नंबर पहिला. शेवटी त्या शब्दांच्या आगेमागे ‘ठळक सुरू’, ‘ठळक बंद’ अशा खुणा घालतो. खुणा आपल्याला दिसत नाहीत, ठळक अक्षरं तेवढी दिसतात.

यंत्राकडून सारांश काढून घ्यायची कल्पना जुनी आहे. १९५८ साली आयबीएम कंपनीतल्या हान्स पीटर लून यांनी पुन्हा पुन्हा येणारे शब्द मोजून महत्त्वाची वाक्यं निवडायची रीत मांडली. पण तो सारांश सगळ्यांना सारखाच! १९९८ मध्ये टॉम्ब्रोस आणि सँडरसन यांनी प्रश्नानुसार वाक्यं निवडून पाहिली. वाचणाऱ्यांना हवा तो मजकूर लवकर आणि अचूक सापडू लागला.

मराठीत मात्र या प्रोग्रॅमची चांगलीच दमछाक होते. मनवेलपाडा, मनवेलपाड्यात, मनवेलपाड्याहून... गाव एक, रूपं किती! म्हणून तो शब्दांची शेपटं कापतो आणि उरलेला भाग जुळवतो. पण ‘घरात’मधला ‘त’ कापला तसा ‘भारत’मधलाही कापला, तर उरतो ‘भार’! अशा अडचणींवर आपल्याकडेही काम झालं आहे. २००८ साली सुरू झालेल्या ‘फायर’ या उपक्रमात मराठी बातम्यांचा मोठा साठा घेऊन शोधाच्या रीती तपासल्या गेल्या. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने ‘संधान’ हे भारतीय भाषांसाठीचं सर्च इंजिनही तयार झालं. त्यात मराठी होती.

आता खरी गोम ऐका. आपल्या मुलीला उतारा दिसला, ‘मनवेलपाडा परिसरातल्या सर्व शाळांना उद्या सुट्टी जाहीर झाली आहे...’ झालं! दप्तर कोपऱ्यात! पण मूळ पानावर पुढे होतं, ‘...हा मोबाईलवर फिरणारा संदेश खोटा आहे.’

प्रोग्रॅम खोटं बोलला का? नाही. त्याने शब्द मोजले आणि जागा संपली तिथे वाक्य तोडलं. मराठीत ‘नाही’, ‘नको’, ‘खोटं आहे’ हे बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं. शेपूट तुटलं की अर्थच उलटा होतो! ठळक अक्षरं एवढंच सांगतात, की तुमचा शब्द इथे आहे. ती गोष्ट खरी आहे, असं ती मुळीच सांगत नाहीत.

तेव्हा उताऱ्यातले तीन टिंब दिसले, की पान उघडा. वाक्य पूर्ण वाचा. तारीख बघा, बातमी गेल्या वर्षीची तर नाही ना? सांगणारं कोण आहे, तेही बघा.

एक खेळही करून बघा. वर्तमानपत्रातली एक बातमी घ्या. दोन शब्द ठरवा आणि ते ज्यात येतील असा सलग बारा शब्दांचा तुकडा कापा. तो मित्राला द्या आणि बातमी काय असेल ते ओळखायला सांगा. मग पूर्ण बातमी दाखवा. तो किती वेळा फसतो, ते मोजा बरं!