फुगलेल्या शिरा आणि लेसरचा उपचार

दिवसभराचें काम आटोपून मनुष्य सायंकाळीं खुर्चीवर टेकतो आणि पाय वर घेतो, तेव्हां पोटऱ्या जड वाटतात, घोट्याशीं सूज दिसते आणि गुडघ्याच्या आंतल्या बाजूनें निळसर, वेडीवांकडी दोरी कातडीखालून गेलेली आढळते. घरांतलीं माणसें म्हणतात, "शिरा फुगल्या आहेत, दुसरें कांहीं नाहीं." पुष्कळांचें तेवढ्यावर निभावतेंहि. परंतु कांहींच्या घोट्याजवळची कातडी काळवंडते, खाज सुटते, आणि नख लागल्याचें निमित्त होऊन तेथें अशी जखम पडते कीं ती महिनोन् महिने भरून येत नाहीं. डॉक्टर या शिरांस व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. त्यांवर आतां लेसरनें शीर आंतून बंद करण्याचा उपचार होतो. हें ऐकतांच रोग्याच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : शीर बंद केली, तर तिच्यांतलें रक्त जाणार कोठें ?

प्रश्न अगदीं रास्त आहे. त्याचें उत्तर कळल्यावांचून हा उपचारहि कळत नाहीं.

हृदयाकडून पायांत आलेलें रक्त परत वर न्यावयाचें तर तें चढणीचें काम आहे. चालतांना पोटरीचे स्नायू आंवळतात व शिरांतील रक्त वर ढकलतात; वर गेलेलें रक्त खालीं उतरूं नये म्हणून शिरांच्या आंत जागोजाग एकाच बाजूस उघडणाऱ्या झडपा असतात. इटलींतील पादुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यानें १६०३ सालीं या झडपांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. परंतु त्यांचें खरें प्रयोजन उमगलें तें त्याच्या विल्यम हार्वे या शिष्यास. हार्वेनें १६२८ च्या आपल्या ग्रंथांत दिलेला प्रयोग आजहि घरच्या घरीं करून पाहतां येतो. शिरा ठळक दिसणाऱ्या मनुष्याच्या दंडास पट्टी बांधावी. हातावरची एक शीर एका बोटानें दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटानें तिच्यांतलें रक्त पुढच्या गांठीपलीकडे खांद्याच्या दिशेनें सारावें. मधला भाग रिकामा राहतो. वरून थेंबहि परत येत नाहीं. पहिलें बोट उचललें कीं शीर खालून भरते. एक पट्टी व दोन बोटें एवढ्या सामग्रीवर इतकें मोठें सत्य क्वचितच सिद्ध झालें असेल.

ही झडप सैल पडली कीं वर गेलेलें रक्त खालीं घसरतें. त्याच्या दाबानें शीर रुंदावते, म्हणून तिच्या खालची झडपहि मिटेनाशी होते. आईबापांकडून आलेला कल, गर्भारपण, वाढतें वय, वजन आणि तासन् तास उभें राहणें हीं याचीं कारणें होत. बहुधा बिघडते ती घोट्याच्या आंतल्या बाजूकडून जांघेपर्यंत जाणारी कातडीखालची लांब शीर. परंतु पायांतील बहुतेक रक्त या शिरेनें जातच नाहीं. तें स्नायूंमधल्या खोल शिरांनीं वर जातें. झडपा गेलेली वरची शीर उलट वर चढलेलें रक्त पुन्हां खालीं आणून सोडते. फुटक्या पोहऱ्यानें पाणी शेंदावें तसा हा प्रकार आहे. ती शीर बंद करणें म्हणजे रक्ताची वाट अडविणें नव्हे, पोहऱ्याचें भोंक बुजविणें होय. अर्थात् खोल शिरा मोकळ्या आहेत कीं नाहीत हें आधीं पाहिलेंच पाहिजे. त्यासाठीं रोग्यास उभें करून डॉप्लर सोनोग्राफी करतात. या तपासणीवांचून कोणी लेसरचा सल्ला दिल्यास तो मानूं नये.

पूर्वी जांघेंत छेद घेऊन ही शीर ओढून काढीत. थिओडोर मेमन यानें १९६० सालीं पहिला लेसर चालवून दाखविला. शिरेच्या आंत त्याचा उपयोग केल्याचा पहिला वृत्तांत १९९९ सालचा आहे. लेसर या नांवाचा लोकांना भारी मोह पडतो. वस्तुतः येथें काम करते ती उष्णता. रेडिओलहरींच्या उष्णतेनेंहि जवळजवळ तितकाच गुण येतो, तेव्हां जाहिरातींतील यंत्राच्या नांवामागें धांवण्याचें कारण नाहीं.

उपचारास सामान्यतः तासाभराहून अधिक वेळ लागत नाहीं व बहुधा पूर्ण भूल द्यावी लागत नाहीं. गुडघ्याजवळ किंवा त्याखालीं सुईनें शिरेंत शिरून कांचेचा बारीक तंतु जांघेकडे सरकवितात. त्याचें टोंक खोल शिरेच्या संगमापासून सुमारें दोन सेंटिमीटर अलीकडे थांबवितात. मग शिरेच्या भोंवतीं बधिर करणारें औषध घातलेलें पुष्कळसें मिठाचें पाणी टोंचतात. रोग्यास सर्वांत जाणवतात त्या याच सुया. या पाण्यानें भाग बधिर होतो, शीर तंतूवर आवळली जाते आणि आसपासच्या मांसास व मज्जातंतूंस धग लागत नाहीं. नंतर लेसर चालू करून तंतु हळूहळू मागें ओढतात. लेसर चालू असतांना सहसा दुखत नाहीं.

रोगी त्याच दिवशीं चालत घरीं जातो, आणि त्यानें चालावयाचेंच असतें. अंथरुणास खिळणें हितावह नाहीं. घट्ट पायमोजे किती दिवस वापरावयाचे याविषयीं निरनिराळ्या डॉक्टरांचीं मतें निरनिराळीं आहेत. मांडीवर काळेनिळे डाग पडतात. आठवड्याच्या सुमारास आंत दोरी ताणल्यासारखें वाटतें. याची बहुतेकांस धास्ती वाटते, पण तें बंद झालेल्या शिरेचें आकसणें असतें व पुढें ओसरतें. क्वचित् कातडीचा एखादा भाग कांहीं आठवडे बधिर राहतो. पोटरी एकाएकीं सुजून दुखूं लागली अथवा धाप लागली, तर मात्र घटकाभरहि न थांबतां रुग्णालय गांठावें. खोल शिरेंत गुठळी होण्याचा धोका थोडा असला तरी आहे.

वर्षानें तपासल्यास दहांपैकीं नऊंहून अधिक शिरा बंदच आढळतात. तथापि पाय पूर्वीसारखा नितळ होईल अशी आशा धरणाऱ्याची निराशा होते. फांद्यांसारख्या फुगलेल्या शिरा कधीं वेगळ्या काढाव्या लागतात, कधीं फेसाळ औषध टोंचून बंद कराव्या लागतात. काळवंडलेली कातडी पूर्ववत् होईलच असें नाहीं, आणि पुढें दुसरी शीर बिघडूं शकते. गर्भारपणीं हा उपचार करीत नाहीत.

ज्यांस जखम झाली आहे त्यांचें मात्र निराळें आहे. ब्रिटनमध्यें ४५० रोग्यांवर झालेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेंत सर्वांस पट्ट्या बांधल्या होत्या. ज्यांची शीर लगेच आंतून बंद केली, मग ती उष्णतेनें असो वा फेसानें, त्यांपैकीं निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. ज्यांचा उपचार लांबणीवर टाकला त्यांस ८२ दिवस लागले. "आधीं जखम भरूं द्या, मग शिरेचें पाहूं" असें म्हणत बसण्यांत घरोघरीं किती दिवस वायां जातात !

उपचाराची वाट पाहत असतां फुगलेली शीर फुटून रक्त वाहूं लागलें, तर रोग्यास उताणें निजवून पाय छातीहून उंच धरावा आणि स्वच्छ फडक्यानें दहा मिनिटें न उचलतां दाबावें. मांडीस दोरी आवळूं नये. तिनें रक्त अधिकच वाहतें. पाय खालीं सोडून बसलेला मनुष्य अशा प्रसंगीं घाबरून न्हाणीघराकडे धांवतो आणि रक्त धूत उभा राहतो. नेमकें तेंच टाळावयाचें असतें.