रोबस्ट म्हणजे काय रे भाऊ?

मार्च आला की ऑफिसात दोनच विषय असतात. टॅक्स वाचवायचा कसा, आणि अप्रेझलचं काय झालं! यंदा माझ्या फॉर्मवर साहेबांनी शेवटी एक ओळ लिहिली होती : ‘काम उत्तम, पण प्रेशरखाली पुरेसा रोबस्ट नाही.’ सही करायला सोमवारपर्यंतची मुदत.

गंमत बघा. वर्षभर मीच क्लायंट लोकांना ‘रोबस्ट सोल्युशन’ विकत होतो. पण शब्दाचा अर्थ कधी पाहिला होता? रात्री अकरा वाजता जाडजूड डिक्शनरी काढून बसलो.

तर मंडळी, मूळ शब्द लॅटिन. रोबुर. अर्थ, ओकचं झाड. त्यातही त्याचं कठीण लाकूड. लाकूड कठीण, म्हणून मग रोबुर म्हणजे बळ, आणि सैन्यातले निवडक गडी म्हणजेही रोबुर. रोमच्या तुरुंगातल्या तळघरालासुद्धा हेच नाव होतं. १७५३ साली लिनियसने युरोपातल्या ओकचं नाव ठेवलं ते क्वेर्कस रोबुर. ऑफिसच्या मशीनमधली रोबस्टा कॉफी याच घराण्यातली. रोबोट मात्र नाही हं, तो चेक भाषेतल्या वेठबिगारीच्या शब्दावरून आला. आणि रॉबर्टही नाही!

रोबुरच्या मागे आणखी जुना अर्थ दडलाय असं मानतात : लाल. ओकचा गाभा तांबूस असतो ना, त्यावरून. इंग्रजीतलं रेड आणि आपलं रुधिर एकाच धातूचे. लॅटिनमध्ये लोखंडाच्या गंजाला आणि गव्हावरच्या रोगाला म्हणतात रोबिगो, तोही याच लालातला. त्या रोगाला आपले शेतकरी काय म्हणतात? तांबेरा! तो पडू नये म्हणून रोमन लोक २५ एप्रिलला चक्क सण करायचे. थोडक्यात, बळ आणि गंज एकाच गोत्रातले. हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

शनिवारी डोकं शांत करायला मित्राच्या गाडीतून जव्हार गाठलं. गावाजवळच शिरपामाळ आहे. १६६४च्या जानेवारीतल्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम इथे पडला, जव्हारचे राजे विक्रमशाह त्यांना भेटले, शिरपेच दिला आणि त्यावरून माळाला नाव पडलं, असं इथे सांगतात. स्मारक आहे, भन्नाट वारा आहे, आणि मोबाइलची रेंज येऊन-जाऊन. यापेक्षा काय हवं?

परतताना चहासाठी एका पाड्यावर थांबलो. अंगणात एक म्हातारे बाबा जुन्या घराची मेढ सोलत बसले होते. बाहेरचं सगळं वाळवीने पोखरलेलं, कोयत्याने नुसतं खरवडलं तरी भुगा पडत होता. आत मात्र गडद तांबडा, दगडासारखा गाभा.

‘‘बाबा, हे कशाचं लाकूड?’’

‘‘खैर. याचाच कात होतो. पानात खाता ना?’’

मी उडालोच. लाल गाभा, कठीण लाकूड, सगळा रोबुर इथेच! आणि आपल्याकडेही शब्द तसाच चाललाय. संस्कृतात सार म्हणजे झाडाचा गाभा आणि सार म्हणजे बळसुद्धा. कात म्हणजे खदिरसार. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात रथाच्या मजबुतीची गोष्ट निघते तिथे खदिराचं सार येतंच. रोमला ओक, आपल्याला खैर.

‘‘म्हणजे खरी ताकद आतल्या लालात. बाहेरचं पांढरं बिनकामाचं,’’ मी शहाणपणा केला.

बाबा हसले. ‘‘बिनकामाचं कसं, भाऊ? झाड उभं असताना पाणी त्या पांढऱ्यातूनच वर चढतं. लाल तर मेलेलं असतं.’’

घरी येऊन पडताळलं. शंभर टक्के खरं. गाभ्यातल्या पेशी मेलेल्या असतात. त्यांत कातासारखी द्रव्यं साठतात म्हणून तर वाळवी त्यांना सहसा तोंड लावत नाही. बाहेरचं पांढरं लाकूड जिवंत असतं, पाणी वाहून नेतं, आणि म्हणूनच किडीला लवकर बळी पडतं. आतलं पांढरंच वर्षांमागून वर्षं हळूहळू लाल होत जातं. रातोरात नाही. एका अप्रेझल सायकलमध्ये तर नाहीच नाही!

माझी ‘प्रेशरखाली’ची भानगड ऑक्टोबरातली. बाबांची बायपास होती. मी दोनदा डेडलाइन वाढवून मागितली आणि एका रिव्ह्यू मीटिंगमध्ये माझा आवाज भरून आला. साहेबांना कारण सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे घरचं ऑफिसात सांगत नाहीत ना!

सोमवारी ‘एम्प्लॉयी कॉमेंट्स’च्या रकान्यात लॅटिन घालायचा मोह आवरला. ऑक्टोबरातल्या तारखा लिहिल्या, हॉस्पिटलमधल्या रात्रींचं लिहिलं, आणि दोन्ही डिलिव्हरी कोणत्या दिवशी पूर्ण झाल्या तेही. मग सही केली. साहेबांनी फॉर्म वाचला, दार लोटून घेतलं आणि विचारलं, ‘‘आता कसे आहेत वडील?’’