विजेची लय

विहिरीवरची मोटार जळाली की रिवाइंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्या माथी. ‘वीजच खराब होती’ असं तो म्हणतो, आणि मीटरवर व्होल्टेज तर ठीक दिसतं. मग खोटं कोण बोलतं? पुष्कळदा कुणीच नाही. मीटर एक आकडा सांगतो. विजेची लाट कशी बिघडली, ते त्या आकड्यात दिसत नाही.

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची. म्हणजे एक लाट सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पुरी होते. शेजारची मोठी मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सातपट प्रवाह ओढते, तेव्हा काही लाटा खुज्या होतात. शिवाय चार्जर, एलईडी दिवे असली उपकरणं वीज सलग न घेता घोटाघोटानं घेतात. त्यामुळं मूळ लाटेवर १५०, २५० आवर्तनांच्या उपलाटा चढतात. अशा उपलाटा मोटारीत शिरल्या की काम वाढत नाही, उष्णता तेवढी वाढते.

या मोजायच्या कशा? ठरावीक लांबीचा तुकडा घेऊन लाटेची फोड करायची, ही जुनी रीत. पण वीज नेमकी ५० वर कुठं बसते! देशाच्या जाळ्यात ती ४९.९० ते ५०.०५ यांत राखायचा दंडक आहे. तेवढ्यानंही तुकड्याचं माप हुकतं आणि फोड चुकते.

इथं भजनातला मृदंगवाला आठवा. तो काही घड्याळ पाहून वाजवत नाही. सम कधी येणार याचा अंदाज बांधतो, बुवांचं गाणं ऐकतो आणि चुकलं तेवढं सावरून घेतो. नव्या यंत्रांतलं गणित हेच करतं, सेकंदाला हजारो वेळा. पुढचा आकडा आधी सांगायचा, आलेल्याशी ताडायचा, फरकाच्या प्रमाणात अंदाज सुधारायचा. अमेरिकेत विड्रो आणि हॉफ यांनी १९६० साली ही रीत मांडली. विजेसाठी नव्हे, बरं का. विजेच्या उपलाटा मोजायला ती पुढं कामी आली.

खरी मेख आहे ती सुधारणा किती करायची यात. कुणी खोकलं की मृदंगवाला दचकू लागला, तर ताल मोडेल. फार निवांत राहिला, तर बुवा पुढं निघून जातील. गणितातही पाऊल मोठं घेतलं तर आकडा नाचतो, लहान घेतलं तर घट येऊन गेल्यावर कळते. म्हणून काही पद्धतींत पाऊलच बदलतं ठेवतात: फरक मोठा, तर पाऊल मोठं.

अंदाज एकाएकी फार चुकला, की यंत्र तो क्षण वेळेसह टिपून ठेवतं. यानं वीज सुधारत नाही, हे खरं. पण डीपीवर असं यंत्र असेल, तर मोटार जळाली त्या दुपारी लाट कशी होती, याची नोंद काढून दाखवता येते.