साक्षीवाचून उरकलेला इन्साफ

1868 साली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर अमेरिकेच्या सिनेटपुढे महाभियोग चालला, तेव्हा तीसांहून अधिक साक्षीदारांच्या जबान्या झाल्या. तथापि मंत्रिमंडळाने राष्ट्राध्यक्षांना काय सल्ला दिला होता हे सांगावयास सिद्ध असलेले नौदलमंत्री गिडियन वेल्स यांची त्या मुद्द्यावरील साक्ष मात्र बहुमताने नाकारली गेली, आणि साक्षीची ग्राह्याग्राह्यता हात मोजून ठरविण्याचा अनिष्ट प्रघात तेथूनच पडला, असे माझे मत आहे.

बिल क्लिंटन यांच्या खटल्यात, 27 जानेवारी 1999 रोजी, साक्षीदारांना पाचारण करण्याचा ठराव 56 विरुद्ध 44 मतांनी संमत झाला. रिपब्लिकन पक्ष त्याच्या बाजूने एकजुटीने उभा होता; डेमोक्रॅटांपैकी एकटे रस फाइनगोल्ड त्यांना मिळाले. तिघांच्या जबान्या सभागृहाबाहेर चित्रफितीवर घेतल्या गेल्या. मोनिका लेविन्स्की यांना समक्ष बोलावण्याची मागणी 70 विरुद्ध 30 मतांनी फेटाळली गेली, आणि अखेर शंभर सभासद पडद्याकडे पाहत बसले असता दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आपापल्या सोयीचे तुकडे तेवढे दाखविले. त्या वेळी मिच मॅकॉनेल साक्षीदारांना अनुकूल होते, तर नुकतेच निवडून आलेले चक शूमर प्रतिकूल.

एकवीस वर्षांनी, डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या महाभियोगात, हेच दोघे आपापल्या पक्षाचे सिनेटमधील नेते होते आणि दोघांचीही भूमिका नेमकी उलटली होती. क्लिंटन यांच्या वेळी साक्षीदारांच्या पूर्वीच्या जबान्या दप्तरी होत्या, आणि ट्रम्प यांच्या वेळी अधिकाऱ्यांनी साक्ष देऊ नये असा व्हाइट हाउसचा हुकूम होता, हा भेद खरा आहे व तो शूमर यांच्या पारड्यात घातला पाहिजे. पण त्या भेदाचा विचार करून मत बदललेले सभासद मला फारसे दिसत नाहीत. माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांनी, सिनेटने समन्स काढल्यास आपण साक्ष देऊ, असे 6 जानेवारी 2020 रोजी जाहीर केले होते. युक्रेनची मदत चौकशांच्या बदल्यात अडवून धरल्याचा जो आरोप होता, त्याविषयी राष्ट्राध्यक्षांच्या तोंडचे शब्द ऐकलेला हा मनुष्य दाराशी उभा असताना, पुरावा गोळा करण्याचे काम प्रतिनिधिगृहाचे होते, असे सांगून ते दार लावून घेण्यात आले. सभासदांनी चिठ्ठ्यांवर लिहून दिलेले प्रश्न सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स दोन दिवस वाचून दाखवीत होते. उत्तरे देत होते ते वकील. सर्वांत अधिक मनाला लागते ती रिपब्लिकन सभासद लमार अलेक्झांडर यांची कैफियत: आरोपातील वर्तन सिद्ध झाले आहे, ते अनुचितही आहे, म्हणूनच आणखी साक्षीची आवश्यकता नाही, आणि पदच्युतीइतका तो अपराधही नाही. निःपक्ष न्यायाची शपथ घेऊन वहीत सही केलेल्या मनुष्याने ऐकण्याआधीच ऐकण्याची गरज संपवावी, हे मला आजही पटत नाही. 31 जानेवारीस साक्षीदार बोलावण्याचा ठराव 49 विरुद्ध 51 मतांनी पडला. मिट रॉम्नी व सुझन कॉलिन्स हे दोघेच रिपब्लिकन ठरावाच्या बाजूने राहिले.

पुढल्या वर्षी, 13 फेब्रुवारी 2021 रोजी, ट्रम्प यांच्याच दुसऱ्या खटल्यात साक्षीदार बोलावण्याच्या बाजूने 55 मते पडली. काही तासांतच तडजोड होऊन एक लेखी निवेदन दप्तरी दाखल करून घेण्यात आले, आणि त्याच दिवशी निकाल लागला. एकही साक्षीदार सभागृहात आला नाही.