चावी काढली तरी पंखा फिरतोय

गाडी उभी केली, चावी काढली, तरी बोनेटखालचा पंखा फिरतच राहिला की घरच्यांचा निष्कर्ष ठरलेला असतो: इंजिन तापलंय. गॅरेजमध्ये दुसरा निष्कर्ष तयार असतो: सेन्सर गेला, बदलून टाकू. पण हा पंखा विजेवर चालतो आणि त्याला सुरू करणारी कारणं बरीच असतात. त्याला आत्ता कोणी सुरू केलं, हे शोधल्याशिवाय एकही भाग बदलू नये.

‘इंजिन थंड असताना पंखा लागला म्हणजे बिघाड’ हा समज पावसाळ्यात फार दिसतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो आणि त्यालाही वारा लागतो, म्हणून एसी लावला की पंखा सुरू होणारच. काचेवरची वाफ घालवण्यासाठी डीफॉगर लावला, तर अनेक गाड्यांत एसीचं बटण न दाबताही कॉम्प्रेसर चालू होतो. खंडाळ्याच्या घाटात रांगेत अडकल्यावर पंखा थांबत नसेल, तर तो आपलं काम चोख करतोय.

चावी काढल्यावर पंखा काही मिनिटं चालणं हेही बऱ्याच गाड्यांत मुद्दामच ठेवलेलं असतं. इंजिन बंद झालं की सहसा कूलंट फिरवणारा पंप थांबतो, पण धातूतली उष्णता कूलंटमध्ये उतरतच राहते. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत आणखी एक कारण असतं. डीपीएफ फिल्टरमधली काजळी जळत असताना इंजिन बंद केलं, तर पंखा पूर्ण वेगात चालू राहू शकतो. अर्ध्या तासानंतरही तो फिरत असेल तर मात्र दुर्लक्ष नको. साधारण 15 अँपिअर ओढणारा पंखा छोट्या गाडीची 35 अँपिअर-तासांची बॅटरी दोन-तीन तासांत उतरवतो.

सेन्सरबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. कूलंटचा सेन्सर गरम झाला की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि त्यावरून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर, तापमान ठरवतो. वायर तुटली किंवा कनेक्टर निघाला तर ईसीएमला उणे 40 अंशांसारखा अशक्य आकडा दिसतो. तो त्यावर विश्वास ठेवत नाही आणि इंजिन वाचवण्यासाठी पंखा लावून ठेवतो. स्कॅनरवर पी0118 आला तर जोडणी तुटल्याचा संशय घ्यावा, पी0117 आला तर शॉर्टचा. पण कोड सेन्सर आणि वायरिंग मिळून बनलेल्या सर्किटबद्दल सांगतो, एकट्या सेन्सरबद्दल नाही. कनेक्टरमधला हिरवट गंज साफ करूनही काम भागू शकतं. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, स्कॅनर लावून पाहा. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. बाहेर 25 अंश असताना कूलंट 70 दाखवत असेल, तर दोष सेन्सरच्या सर्किटमध्ये आहे.

इंजिन थंड, एसी बंद, तरीही पंखा फिरतोय? मग फ्यूज बॉक्समधला पंख्याचा रिले काढा. काही गाड्यांत कमी-जास्त वेगाचे रिले वेगळे असतात, ते सगळे तपासा. पंखा थांबला तर त्याच नंबरचा चांगला रिले लावा. आता तो बंदच राहिला, तर जुन्याचे पॉइंट चिकटले होते. पुन्हा फिरू लागला, तर रिलेला आदेश मिळतोय. सेन्सर, एसीचा प्रेशर स्विच किंवा ईसीएमकडे जाणारी वायर बघा. रिले काढूनही थांबत नसेल तर वायरिंग तपासा. रिलेऐवजी कंट्रोल मॉड्यूल असलेल्या गाडीत ही चाचणी लागू पडत नाही. आणि पंख्याजवळ हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण चावी खिशात असली तरी पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘पंखा डायरेक्ट करून टाका, इंजिन थंड राहील’. चालू इंजिन साधारण 90 अंशांच्या आसपास राहायलाच हवं. थर्मोस्टॅट 82 ते 88 अंशांना उघडतो तो त्यासाठीच. पंखा डायरेक्ट केला, म्हणजे सतत चालू राहील असा थेट जोडला, की मोटर लवकर झिजते. त्याहून वाईट म्हणजे कमी झालेलं कूलंट, चोंदलेला रेडिएटर किंवा अडकलेला थर्मोस्टॅट यांची खूण झाकली जाते. जोडीला थर्मोस्टॅटही काढला, तर इंजिन थंडच राहतं आणि जास्त पेट्रोल खातं. गाडी डायरेक्ट पंख्याने ताब्यात मिळाली, तर मूळ वायरिंग पुन्हा जोडून देईपर्यंत काम पूर्ण झालं असं मानू नका.