चेक बाउन्स, स्पेशल कोर्ट आणि अडकलेलं समन्स

मागच्या दिवाळीत मामाकडे गेलो होतो. त्याचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. एका गिऱ्हाइकाचा चेक वटला नाही, म्हणून त्याने केस टाकलीय. तिसरं वर्ष चालू आहे. मी विचारलं, "साक्षी झाल्या का?" तर म्हणाला, "साक्षी कसल्या रे? समोरच्याला अजून समन्सच मिळालेलं नाही!"

आता कायदा काय म्हणतो बघा. चेक बाउन्स हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली गुन्हा आहे. आणि कलम १४३ सांगतं, की तक्रारीपासून ६ महिन्यांत खटला संपवायचा प्रयत्न करा. प्रत्यक्षात? २०१९ च्या अखेरीस देशात २ कोटी ३१ लाख फौजदारी खटले पडून होते. त्यातले ३५ लाखांहून जास्त फक्त चेकचे!

असं का होतं? ज्या मॅजिस्ट्रेटसमोर चेकची केस असते, त्याच्यासमोरच चोरी, मारामारी, रिमांड हेही असतं. अटकेतल्या माणसाचं आधी बघावंच लागतं. मग चेकवाल्याला पुढची तारीख. स्पेशल कोर्ट म्हणजे अशा केसेसची वेगळी रांग. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रासह ५ राज्यांत निवृत्त न्यायाधीशांना घेऊन अशी कोर्टं प्रायोगिक तत्त्वावर सुरू करायला सांगितली.

पण माझ्यातला इंजिनिअर इथे अडतो. ॲप स्लो आहे म्हणून आपण सर्व्हर वाढवतो, आणि नंतर कळतं की ॲप दुसरीकडून येणाऱ्या उत्तराची वाट बघत बसलं होतं. इथेही तेच. कोर्ट नवीन, न्यायाधीश मोकळे, पण आरोपी हजरच नसेल तर पुढे सरकणार काय? म्हणजे वेगळी रांग हवीच, पण समन्सही वेळेत पोचायला हवं. कलम १४४ नुसार ते स्पीड पोस्टनेही पाठवता येतं. पण पत्ताच चुकीचा असेल तर?

म्हणून तुम्ही फ्रीलान्सिंग करत असाल किंवा दुकान चालवत असाल, तर चेक घेतानाच समोरच्याचा राहता पत्ता लिहून घ्या. चेक परत आल्याचं बँकेकडून कळलं, की ३० दिवसांत लेखी नोटीस द्या. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस मिळतात. नाहीच दिले, तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार करा. या तारखा चुकवू नका.

मामाने आता त्या गिऱ्हाइकाचा नवा पत्ता शोधून कोर्टात दिलाय. पुढच्या तारखेला काय होतं, ते सांगेनच. भेटू!